कशाचा खडा?

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला बशीतला रंगांचा खेळ दाखवलात. पाण्याच्या बशीत कडेकडेनं रंगीत गोळ्या मांडल्या, आणि प्रत्येकीचा रंग सुटून मध्याकडे सरकत गेला, पण शेजारच्या रंगात मिसळला नाही. "आजी, तुझ्या वेळी असलं काही नव्हतं ना?" असं तुम्ही विचारलंत. मी "होतं" म्हणाले, तेव्हा तुमचे चेहरे बघण्यासारखे झाले. पुढं सांगणार तोच तुमची शाळेची बस आली.

म्हणून लिहून पाठवते. आईकडून वाचून घ्या. एखादा शब्द अडला तर तिला विचारा, आणि तिला अडला तर मला.

मला सगळं क्रमानं सांगायची सवय आहे. पण ज्यांनी मला हा खेळ दाखवला त्यांची आठवण क्रमानं येत नाही. कधी त्यांची छत्री आधी येते, कधी त्यांचा खाकरलेला आवाज. जशी येईल तशी लिहिते.

आम्ही तेव्हा भिंगारला राहत होतो. आता मी राहते त्या सावेडीच्या बाजूला त्या काळी शेतंच होती. भिंगार म्हणजे नगरला लागून असलेली छावणी. अण्णा, म्हणजे तुमचे पणजोबा, लष्कराच्या एका कचेरीत मुलकी कारकून होते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि घरी होते, म्हणजे माझं लग्न बघणं चालू होतं. माझी धाकटी बहीण, तुमची बेबीआजी, चौथीत होती. आमच्या भिंतीला भिंत लागून एक गृहस्थ राहत. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत हयात घालवून ते निवृत्त झाले होते. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. सगळे त्यांना केमिस्टसाहेब म्हणत. आमची आई घोडेगावकडची, ती म्हणे किमिष्ट.

पावसाचं नाव नसलेल्या त्या वर्षांतही ते छत्री घेतल्याशिवाय बाहेर पडत नसत. कुणी हसलं की म्हणत, "छत्रीला कुठं माहीत आहे, वरून काय पडतंय ते?" अंगात कारखान्यातला जुना खाकी कोट, त्याच्या बाहीवर कसल्याशा ॲसिडनं पडलेली भोकं. त्या भोकांना त्यांनी ठिगळं लावली नव्हती. लहान मुलं त्यांत बोट घालून बघत, आणि ते हात पुढं करून उभे राहत.

मोठ्यांशी ते फटकून बोलत आणि मुलांना अहो-जाहो करत. हे आमच्या गल्लीला फार चमत्कारिक वाटे. बेबीला ते "बेबीताई" म्हणत आणि "आपलं काय मत आहे?" असं विचारत. एकदा भाजीवालीनं टोपली खाली ठेवून कमरेवर हात ठेवले.

"आरं देवा! येवढ्याशा पोरीला आवो म्हनतुया, आन मला म्हातारीला म्हनतो ए बाई!"

"तुला सगळं कळून चुकलंय," केमिस्टसाहेब म्हणाले. "त्यांना अजून कळायचं आहे. मान त्यांना द्यायला पाहिजे."

"मंग मेथीची जुडी बी त्यांच्याकडूनच घ्या," असं म्हणून ती टोपली उचलून चालू लागली.

नेमकेपणाचं त्यांना वेड होतं. आई एकदा विरजण मागायला गेली.

"थोडं विरजण द्या जी."

"थोडं म्हणजे किती?"

"चमचाभर."

"चहाचा चमचा की पोह्यांचा?"

"कंचा बी."

"असं कसं? दूध किती आहे? कोमट आहे की गार?"

आई रिकामी वाटी घेऊन परत आली. "त्याच्यापरीस दूध तसंच पिऊ आमी," ती अण्णांना म्हणाली, "त्या मानसाकडं विरजान मागायचं म्हंजी परीक्षाच की!"

पण त्यांचा जीव अडकायचा तो दोन शब्दांत: विरघळणं आणि वितळणं. आपण सगळे हे शब्द ढिलाईनं वापरतो. बर्फ विरघळला म्हणतो, साखर वितळली म्हणतो. त्यांच्यासमोर कुणी असं बोललं की ते त्या माणसाला हाताला धरून स्वयंपाकघरात नेत. पळीत साखर घेऊन स्टोव्हवर धरत. "ही वितळते." मग चिमूटभर साखर पाण्यात टाकत. "ही विरघळते. विरघळायला दोघं लागतात. वितळायला एकटा पुरतो." पोस्टमनलासुद्धा त्यांनी असं आत नेलेलं मी पाहिलं आहे. बेबी आईचं ऐकून "इरघळली" म्हणे. मला लाज वाटे, मी तिला दुरुस्त करायला जाई. ते म्हणत, "राहू द्या. इरघळली म्हणा, विरघळली म्हणा, बरोबरच आहे. वितळली मात्र म्हणू नका."

मी नुकती पदवीधर, थोडी खोडकरही होते. एकदा त्यांना विचारलं, "मग माणसाचं मन कौतुकानं विरघळतं की वितळतं?"

त्यांनी खरोखरच विचार केला. मग म्हणाले, "कौतुक करणारा लागतो ना? म्हणजे दोघं झाले. पण हे तुमच्या विषयात येतं, माझ्या नाही."

रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर मुलं जमत. प्रयोगशाळा अशी काही नव्हती. पितळी ताटल्या, काचेचे पेले, दोरा, पक्कड आणि बाजारातून आणलेला खाऊ. त्यांचा नियम एकच: "आधी विचार, मग गोळी." याचा अर्थ 'आधी प्रश्न विचार' की 'आधी विचार कर' यावर मुलांत नेहमी वाद होई. ते म्हणत, "दोन्ही एकच." गोळी तोंडात जाण्याआधी तिला काहीतरी विचारायचं. तू पाण्यात बुडतेस की तरंगतेस? गार पाण्यात लवकर संपतेस की गरम पाण्यात? आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबायचं. आपला अंदाज खरा ठरला की नाही ते बघायचं, मग उरलेल्या गोळ्या सगळ्यांनी वाटून खायच्या.

तुमच्या बशीतला खेळ ते साखरफुटाण्यांनी करत. साखरफुटाणा म्हणजे साखरेचा जाड लेप चढवलेला फुटाणा, गुलाबी, पिवळा, पांढरा. ताटलीत पाण्याचा पातळ थर घालून कडेनं फुटाणे मांडायचे. गुलाबी रंग हळूच पाय पसरायचा, पिवळा त्याच्या शेजारी, मध्ये आखल्यासारखी रेघ. शेवटी साखर उतरून नुसता फुटाणा उरे. "कपडे काढून अंघोळीला बसला," असं म्हणून मुलं हसत सुटायची. बत्तासा पाण्यावर होडीसारखा डौलात तरंगे आणि मग एकाएकी मान टाकी. लिमलेटची गोळी कुटून तिच्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकला की फसफसून पेल्याबाहेर येई. "आंबटाची आणि सोड्याची भेट झाली," ते सांगत. "पेपरमिंटची गोळी टाकून बघा. ती कशी गप्प बसते?"

सगळ्यात मोठा मान लाकडं ठेवायच्या खोलीला होता. भरदुपारी तिचं दार लावून, फटींना गोणपाट लावून ते मुलांना आत बसवत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग ते पकडीत खडीसाखरेचा मोठा खडा धरून कचकन फोडत. फुटताना त्यातून निळसर उजेड चमके, काजव्यासारखा, आणि लगेच विझे. मी मोठी, पण मीही त्या मुलांत बसून तो पाहिला आहे. बाहेर आल्यावर एका मुलानं विचारलं, "मग आमी साखर खाल्ली की पोटात उजेड पडतो का?" केमिस्टसाहेब गंभीरपणे म्हणाले, "तोंडात पडत असेल. आरसा घेऊन अंधारात दातांनी फोडून बघा आणि मला सांगा." घरोघरी मुलं आरसे घेऊन कपाटांत शिरली. आयांनी शिव्या घातल्या, मुलांना नव्हे, केमिस्टसाहेबांना.

ते स्वतः मात्र गोड खात नसत. चहाही बिनसाखरेचा. आजारपण नव्हतं. "मळीच्या वासात इतकी वर्षं काढली की माझ्या वाटणीचं गोड संपलं," एवढंच ते म्हणत.

दुष्काळ पडला तसं टँकरचं पाणी येऊ लागलं, तेही गढूळ. हंडा भरला की आई दोऱ्याला बांधलेला तुरटीचा खडा त्यात गरागरा फिरवायची, मग गाळ तळाशी बसे. हा खडा हंड्याशेजारी खिळ्याला टांगलेला असे, आणि कोनाड्यात आणखी एक जास्तीचा. "खडा फिरवला का?" "खडा कुठं टाकला गं?" आमच्या घरात दिवसभर हेच चाले. साखर रेशनवर मिळे. जिल्ह्यात साखरेचे एवढे कारखाने, पण घरात आम्ही गुळाचा चहा पीत असू आणि साखर पाहुण्यांसाठी डब्यात जपून ठेवलेली असे.

अशातच एका रविवारी केमिस्टसाहेबांनी मुलांना घरी करायचा प्रयोग सांगितला: खडीसाखर वाढवायची. "आईला विचारून साखर घ्या. पाणी गरम करा. साखर घालत जा, विरघळायची थांबेपर्यंत घाला. दोऱ्याला खडा बांधून आत सोडा, झाकून ठेवा आणि अजिबात हलवू नका. खडा वाढत जाईल."

बेबीनं आईला विचारलं. आई तेव्हा टँकरच्या रांगेत हंडा घेऊन भांडत होती. "घे, घे, पन आता माझ्यासंगं बोलू नगंस," ती म्हणाली. बेबीला परवानगी मिळाली.

त्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे यायचे होते. मुलगा पुण्याला एका कॉलेजात शिकवत होता. तो, त्याची आई आणि मामा येणार होते. आईनं ठरवलं की छावणीतल्या साहेबांच्या घरी असतो तसा ट्रेमधला चहा करायचा: किटलीत कोरा चहा, एका भांड्यात गरम दूध, एका भांड्यात साखर, आणि मुलीनं पाहुण्यांसमोर कप करून द्यायचे. मुलगी इंग्रजी शिकलेली आहे हे न बोलता कळावं, असा तिचा हिशेब. खुर्च्या कमी पडत होत्या, त्या केमिस्टसाहेबांकडून आणल्या. खुर्च्यांबरोबर तेही आले. त्यांना बसा म्हणणं भागच होतं.

पाहुणे यायच्या जरा आधी आईनं साखरेचा डबा उघडला. तळाशी चार दाणे होते.

"आगं बया! साखर कुठं गेली? आता काय गुळाचा च्या ठिवू व्हय पावन्याम्होरं?"

बेबीनं खाटेखालून झाकलेलं पातेलं ओढून काढलं. "आई, साखर कुठं गेली नाही. यात आहे. इरघळलीय."

आईनं कपाळाला हात लावला. पण मग तिला वाटलं, पाक तर पाक, गोड तर आहे. साखरेऐवजी पाकाचं भांडं ठेवू. बेबीनं दोरा वर काढला. "आई, खडा वाढला नाही गं. उलट बारीक झाला."

"बाजूला हो आधी," आई म्हणाली. आमच्याकडे पाहुण्यांच्या पुढं ठेवायचं काही आधी चाखून उष्टं करत नसत, म्हणून तिनं बोट लावून पाहिलं नाही. दोऱ्याला लोंबणारा तो ओला पांढरा खडा कोनाड्यातल्या तुरटीचा आहे, हे आईच्या किंवा माझ्या ध्यानात आलं नाही. खडीसाखर अशीच दिसते.

पोहे झाले. मी ट्रे घेऊन आले. पहिला कप मुलाच्या आईचा. चहा ओतला, दूध घातलं, पाक घातला, चमचा फिरवला. चहावर पांढऱ्या गाठी तरंगू लागल्या. वाटलं, नीट ढवळला नसेल. दुसरा कप मामांचा केला, त्याचंही तेच. तिसरा केमिस्टसाहेबांचा, बिनसाखरेचा. तो मी त्यांच्या हातात दिला.

मुलाच्या आईनं आपला कप उचललाच नाही. "बघण्याच्या कार्यक्रमात दूध फाटलं," त्या हळूच म्हणाल्या.

"आक्का, उन्हाळा हाय," मामा म्हणाले, "दुधाचं काय घिऊन बसलीस?"

"उन्हाळा सगळ्यांकडेच आहे. आमच्याकडे नाही फाटत."

तेवढ्यात आई बेबीला दंडाला धरून आतून घेऊन आली. आई रडवेली झाली होती.

"ह्या पोरीनं केलंय बघा. साखरंत कायतरी कालवलं हिनं. आगं, बहिनीचं लगीन मोडलंस की गं तू!"

पोरांनो, हे वाक्य तुम्हाला साधं वाटेल. रागात माणूस काहीही बोलतो. पण आमच्याकडे असं वाक्य चारचौघांत पडलं की ते उचलून परत घेता येत नसे. आईच्या माहेरी एक आत्या होत्या. लहानपणी वऱ्हाड निघताना त्या शिंकल्या आणि पुढं वाटेत बैलगाडीचं चाक निखळलं. केस पिकले तरी गाव त्यांना 'शिंकरी' म्हणे. कुठल्याही शुभकार्यात त्या मागच्या दाराशी बसत. बेबी नऊ वर्षांची होती. ती दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती, आणि मला त्या क्षणी माझं लग्न दिसत नव्हतं, ती आत्या दिसत होती.

केमिस्टसाहेब स्वतःच्या कपात बघत होते.

"माझा का नाही फाटला?" ते म्हणाले.

त्यांनी पुन्हा मोठ्यानं विचारलं, "दूध एकच, चहा एकच. मग माझा का नाही फाटला? माझ्या कपात पाक नाही. म्हणजे दोष दुधाचा नाही, पाकात आहे."

"तेच म्हनते मी! हिनंच..." आई म्हणाली.

त्यांनी हात वर केला. मग उठून, गुडघे कडकड वाजवत, ते बेबीसमोर उकिडवे बसले.

"बेबीताई, पाक कसा केलात? पहिल्यापासून सांगा."

बेबी हुंदके देत होती, पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं ही रविवारची सवय होती. "तांब्याभर पाणी तापवलं. साखर घातली. तुम्ही म्हणालात, इरघळायची थांबेपर्यंत घाला. ती थांबेचना."

मामांना हसू आलं.

"मग?"

"मग सगळी संपली."

"आणि मग?"

"मग दोऱ्याला खडा बांधला."

"कशाचा?"

बेबीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी पाणी ओलं असतं का विचारलं. "कशाचा म्हणजे? हंड्यात फिरवायचा. तुम्हीच म्हणालात, खडा बांधा."

केमिस्टसाहेबांनी हात लांब करून ट्रेमधल्या पाकात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्यांना गोड चाखताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"तुरटी," ते म्हणाले.

मग उकिडवे बसूनच त्यांनी बेबीपुढं हात जोडले.

"बेबीताई, चूक माझी आहे. मी 'खडा' म्हणालो. कशाचा ते सांगितलं नाही. माझ्या डोक्यात खडीसाखर होती, पण ती डोक्यातच राहिली. पाणी किती घ्यायचं तेही सांगितलं नाही. सगळ्या गावाला 'थोडं म्हणजे किती' विचारत फिरतो आणि स्वतः असं ढिसाळ बोललो. तुम्ही मी सांगितलं तसंच केलंत. मला माफ करा."

त्या काळी म्हाताऱ्या माणसानं शेंबड्या पोरीपुढं हात जोडलेले कुणी पाहिले नव्हते. आईची बेबीच्या दंडावरची पकड आपोआप सुटली. अण्णा अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. केमिस्टसाहेब मात्र हात जोडून वाट बघत होते. मुलांना प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत ते थांबत, तसेच थांबले.

बेबीनं नाक पुसलं. "बरं," ती म्हणाली.

तेव्हा ते उठले आणि मुलाच्या आईकडे वळले. "बाई, तुरटीनं दूध फाटतं. हलवाई कलाकंद करतात तेव्हा दुधात तुरटीच घालतात. हा अपशकुन असेल तर कलाकंद खाणाऱ्या कुणाचंच लग्न टिकायला नको."

मुलगा फस्सकन हसला आणि त्यानं तोंडावर रुमाल धरला.

"कळलं मला. मला शिकवू नका," त्याची आई म्हणाली.

"शिकवत नाही. कुणी उद्या विचारलं की काय झालं, तर काय सांगायचं ते सांगतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं चूक केली असं सांगा. बेबीताईंचं नाव यात कुठं येत नाही."

मुलानं किटली उचलून स्वतःच एका कपात कोरा चहा ओतला. "मला असाच चालेल," तो म्हणाला, आणि सगळा प्यायला.

लग्न जमलं नाही. काही दिवसांनी मध्यस्थाकडून नकार आला, कारण काही कळवलं नाही. मला वाईट वाटलं. तो मुलगा मला आवडला होता. हे आता लिहायला हरकत नाही. तुमच्या आजोबांना ते माहीत होतं, आणि ते त्याला 'कोरा चहा' म्हणत.

नकार आला त्या दिवशी आई चुलीपाशी बसून पुटपुटत होती. "ह्या पोरीच्या..." एवढं म्हणाली आणि थांबली. बेबी तिथंच अभ्यास करत बसली होती. आईनं फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाली, "त्या किमिष्टाच्या खड्यापायी झालं समदं."

पुढं हेच गावभर झालं. किमिष्टानं पोरीचं लग्न मोडलं. टँकरच्या रांगेत, दळणाच्या गिरणीत, नातेवाइकांत, सगळीकडे. बायका लग्नासाठी त्यांच्या खुर्च्या मागून नेत आणि त्यांना बोलवायला विसरत. रविवारी ओट्यावर कुणी येईना. एका रविवारी ते साखरफुटाण्यांची पुडी घेऊन एकटेच बसले होते. बेबी खिडकीतून बघत होती. मी आईकडे पाहिलं. आई भाकरी थापत होती.

"जाऊ दे तिला," ती म्हणाली. "त्यानं तिच्याम्होरं हात जोडलं. आता न्हाई कसं म्हनू?"

बेबी गेली. खाऊच्या ओढीनं मग बाकीची पोरंही हळूहळू आली. फरक एवढाच पडला की केमिस्टसाहेब आता काहीही करायला सांगितलं की बोलणं थांबवून बेबीकडे बघत. ती भुवया ताणून विचारी, "कशाचं पाणी? किती? झाकण कशाचं?" ते उत्तर देत. तिचे प्रश्न संपले की मगच पोरं घरी जात.

मी त्यांना एकदा विचारलं. त्यांच्या ओट्यावरच, संध्याकाळी. "सगळं भिंगार तुम्हाला बोल लावतं. वाईट नाही वाटत?"

"का वाटावं? चूक माझीच आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याची चूक माझ्या माथी आली असती तर वाटलं असतं. फार वाटलं असतं." आणि छत्री उघडून फेरफटका मारायला निघून गेले.

पुढच्या वर्षी तुमच्या आजोबांशी माझं लग्न ठरलं. आईनं केमिस्टसाहेबांना खुर्च्यांसकट बोलावलं आणि पहिल्याच पंगतीला बसवलं. माझ्या सासरच्या एक काकू पंगतीतून फिरत होत्या. खाकी कोटातला हा म्हातारा कोण, असं त्यांनी विचारलं. आई वाढता वाढता म्हणाली, "ह्येच ते. आमच्या ताईचं पैलं जमत आल्यालं ह्यांनीच मोडलं."

"होय, मीच तो," केमिस्टसाहेब पानावरून मान वर करून म्हणाले.

काकू हसावं की चिडावं ते ठरवत होत्या. नव्या परकराची ओटी करून केमिस्टसाहेबांच्या शेजारी बसलेली बेबी मात्र कुणाकडे बघत नव्हती. तिनं हात लांब करून वाढप्याला हाक मारली, "ओ काका, इकडं, मला अजून एक जिलबी!"